डॉट डू कुठे गेलं?

२००० नंतरच्या काळात ज्यांनी जावावर चालणाऱ्या साइट्स वापरल्या, त्यांना पत्त्याच्या शेवटी येणारं ते 'डॉट डू' आठवत असेल. लॉगिन डॉट डू, सर्च डॉट डू वगैरे. बऱ्याच जणांना वाटायचं, डॉट एचटीएमएल असते तशी ही पण एखादी फाईल असणार. गंमत म्हणजे सर्व्हरवर तशी फाईल कुठेच नसायची!

वेबच्या सुरुवातीला पत्ता म्हणजे सरळसरळ फाईलच. १९९३ च्या सुमारास सीजीआय आलं, तेव्हाही पत्त्यात 'सीजीआय-बिन' फोल्डर आणि प्रोग्रॅमचं नाव दिसायचंच. म्हणजे घरातली भांडी कुठल्या फळीवर आहेत ते दारावरच्या पाटीवर लिहायचं. टिम बर्नर्स-ली यांनी १९९८ मध्ये कळकळीने लिहिलं होतं की पत्ते बदलू नका, आणि त्यात एक्स्टेन्शन, सीजीआय असलं काही घालूच नका. ऐकतो कोण!

१९९७ मध्ये सनने सर्व्हलेट आणलं. सुरुवातीला पत्त्यात चक्क क्लासचं नाव टाकून काम भागवायचे. १९९९ च्या सर्व्हलेट २.२ ने 'वेब डॉट एक्सएमएल' दिलं, आणि कुठला पत्ता कोणी हाताळायचा ते लिहायला एक अधिकृत वही मिळाली. नियम चारच. आधी तंतोतंत जुळणारा पत्ता. मग '/ऑर्डर/*' सारखा प्रिफिक्स, त्यातही सगळ्यात लांबलचक असेल तो. मग '*.डू' सारखं एक्स्टेन्शन. आणि कोणीच वाली नसेल तर नुसता '/', म्हणजे डिफॉल्ट. फुली हवी तिथे टाकता येत नाही. '/अ/*/ब' लिहिलंत तर मधली फुली निव्वळ अक्षर म्हणून धरली जाते, आणि माणूस दुपारभर डोकं खाजवत बसतो.

डॉट डू आलं ते ह्याच नियमांमुळे. क्रेग मॅक्लॅनहान यांनी २००० मध्ये स्ट्रट्स अपाचेला दिलं. कल्पना अशी की सोसायटीच्या गेटवर एकच वॉचमन, तो रजिस्टर बघून पाहुण्याला फ्लॅटवर पाठवणार. पण वॉचमनला '/*' देऊन टाकलं तर चित्रं आणि सीएसएस त्याच्याच गळ्यात. शिवाय त्याने पान दाखवायला जेएसपीकडे पाठवलं की ते फिरून परत त्याच्याचकडे! '/' दिलं तर चित्रं वाढणारा डिफॉल्ट सर्व्हलेट बाजूला पडतो. त्यापेक्षा एक बनावट एक्स्टेन्शन बरं. डॉट डू म्हणजे 'हा माझा पाहुणा' अशी नुसती खूण.

ते रजिस्टर, म्हणजे स्ट्रट्सची कॉन्फिग फाईल, हळूहळू हजारो ओळींची व्हायची. सगळी टीम एकाच फाईलवर, रोज मर्जची मारामारी. म्हणून २००४ मध्ये जावा ५ ने ॲनोटेशन दिली तेव्हा लोकांना हायसं वाटलं. स्प्रिंग २.५ ने २००७ मध्ये 'रिक्वेस्टमॅपिंग' आणलं, २००९ मध्ये सर्व्हलेट ३.० नेही तीच वाट धरली. पत्ता आता थेट कोडच्या डोक्यावर. पत्ते सुटसुटीत झाले, डॉट डू गेलं. वही मात्र फाटून पानं दोनशे क्लासेसमध्ये विखुरली.

माझ्या मते हा सौदा वाटतो तितका स्वस्त नव्हता. ती एक्सएमएल कितीही कंटाळवाणी असो, नवीन माणसाला ॲप्लिकेशनची सगळी दारं एका जागी दिसायची. आता दारं एकीकडे लिहिलेली, कुलपं सिक्युरिटीच्या कॉन्फिगमध्ये, आणि दोघांनी पत्ता एकसारखाच वाचला पाहिजे ही अपेक्षा. तो तसा वाचला जाईलच असं नाही. २०१६ मध्ये स्प्रिंगमध्ये नेमकी हीच त्रुटी जाहीर झाली. पत्त्याच्या तुकड्यातली रिकामी जागा एमव्हीसी छाटून टाकायचं, सिक्युरिटी तसं करायचं नाही. म्हणजे नावात एक स्पेस घुसडली की कुलपाला वाटायचं हा पत्ता आपला नव्हे, आणि दार मात्र उघडायचं!

तेव्हापासून ढिलाई कमी होत आली आहे. २०२२ च्या स्प्रिंग ६ पासून '/ऑर्डर' आणि '/ऑर्डर/' हे आपोआप एक धरले जात नाहीत. अपग्रेड केल्यावर जुन्या लिंकांना अचानक ४०४ यायला लागलं तर आधी शेवटची ती एक तिरकी रेघ बघा.