फटफटीची नळी

मोटारसायकल आपल्याकडे आली तेव्हा मराठी माणसाने तिला नाव दिले ते तिच्या चाकांवरून किंवा वेगावरून नव्हे, तर तिच्या आवाजावरून. ‘फटफटी’ हा शब्द उच्चारला की वाहन दिसण्यापूर्वीच कानी पडते. हा आवाज इंजिनाच्या मागे जोडलेल्या नळीतून निघतो. जळलेला वायू दाबाने बाहेर फेकला जातो आणि प्रत्येक स्फोटागणिक हवेला धक्का बसतो. तो धक्का सौम्य करणे हे त्या नळीचे एक कार्य होय. तिचे दुसरेही एक कार्य आहे. त्याचा विसर पडल्यामुळेच कारखान्याने बसवलेली नळी काढून बाजारातली दुसरी बसवण्याच्या हौसेत आवाज आणि शक्ती यांची गल्लत होत आली आहे.

या गल्लतीचा एक जुना अध्याय इंग्लंडात घडला. सरे परगण्यातील वेब्रिजजवळ ब्रुकलँड्स येथे १९०७ साली मोटारींच्या शर्यतींसाठी काँक्रीटचा प्रशस्त मार्ग खुला झाला. शर्यतीच्या गाड्यांच्या नळ्या उघड्या असत. वायूला अडथळा जितका कमी तितकी शक्ती अधिक, हा त्यामागचा हिशेब. परंतु मार्गाच्या शेजारी माणसांची घरे होती. रहिवाशांच्या तक्रारी न्यायालयापर्यंत गेल्या, आणि अखेर १९२० नंतरच्या दशकात तेथे सायलेन्सर सक्तीचा झाला. नळीच्या मार्गात एक पोकळ डबा आणि शेवटी माशाच्या शेपटीसारखे चपटे तोंड, अशी त्याची साधारण घडण होती. गंमत अशी की, शेजाऱ्यांच्या शांततेसाठी जन्मलेले हे साधन पुढे शर्यतीची खूण ठरले. रस्त्यावरचे हौशी स्वारही आपल्या गाड्यांना ती शेपटी मिरवण्यासाठी लावू लागले. नळी बदलण्याच्या हौसेत उपयोगापेक्षा मिरवण्याचा भाग किती मोठा असतो, हे त्याच काळी दिसून आले होते.

नळीचे दुसरे कार्य जगापुढे आणण्याचे श्रेय मुख्यतः पूर्व जर्मनीतील वाल्टर काडेन या अभियंत्याला जाते. १९५० नंतरच्या दशकात चोपाऊ येथील एमझेड कारखान्याचा शर्यत विभाग तो सांभाळीत होता. पैसा तुटपुंजा आणि साहित्य त्याहून तुटपुंजे. त्याच्या हाती टू-स्ट्रोक इंजिन होते. या इंजिनात सिलिंडरच्या भिंतीला खिडक्या असतात. जळलेला वायू बाहेर जाताना त्याच्या पाठोपाठ थोडे ताजे मिश्रणही निसटते आणि तेवढी शक्ती वाया जाते. काडेनने नळीचा आकारच बदलला. आधी हळूहळू रुंदावत जाणारी आणि पुढे पुन्हा निमुळती होणारी अशी ती फुगीर नळी होती. वायूच्या दाबाची लाट रुंद होत जाणाऱ्या भागात शिरली की मागे ओढ निर्माण होते व सिलिंडर स्वच्छ रिकामा होतो. तीच लाट निमुळत्या भागावर आपटून परतते आणि निसटलेले मिश्रण खिडकी मिटण्याच्या आत पुन्हा सिलिंडरमध्ये ढकलते. जे काम इतर इंजिनांत झडपा करतात, त्यातील काही भाग येथे ध्वनीच करतो. १९६१ सालापर्यंत १२५ घनसेंटिमीटरच्या या इंजिनातून सुमारे २५ अश्वशक्ती मिळू लागली. लिटरमागे हे प्रमाण २०० अश्वशक्तीचे होते.

याच वर्षी ऑगस्टमध्ये बर्लिनची भिंत उभी राहिली. सप्टेंबरमध्ये स्वीडनमधील क्रिस्टियनस्टाडच्या शर्यतीत एमझेडचा स्वार एर्न्स्ट डेग्नर जगज्जेतेपदाच्या उंबरठ्यावर होता. पण त्याचे इंजिन निकामी झाले. त्याच सुमारास त्याचे कुटुंब मोटारीत लपून पश्चिमेकडे पोचले, आणि डेग्नर परत गेला नाही. तो जपानच्या सुझुकीला मिळाला. पुढच्याच वर्षी, १९६२ साली, सुझुकीच्या गाडीवर त्याने ५० घनसेंटिमीटर गटाचे जगज्जेतेपद जिंकले. ज्या कारखान्यात ही विद्या वाढली, त्या एमझेडला मात्र जगज्जेतेपद कधीच लाभले नाही.

ही विद्या जपानी गाड्यांबरोबर भारतातही पोचली. १९८५ साली आलेली यामाहा आरएक्स १०० ही टू-स्ट्रोक गाडी तरुणांच्या गळ्यातील ताईत झाली, आणि तिला वेगळी फुगीर नळी बसवणारे कारागीर गावोगावी दिसू लागले. दुसरीकडे १९५५ पासून मद्रासमध्ये तयार होऊ लागलेल्या बुलेटचा धीरगंभीर ठोका अधिक मोठा करण्याचीही चाल पडली. या दोन हौशी वरवर सारख्या दिसल्या तरी त्यांची जात भिन्न आहे. नळीची लांबी, तिचा उतार व इंजिनाचे फेरे यांचे गणित जुळले तरच शक्ती वाढते, आणि तीही फेऱ्यांच्या एका ठराविक टप्प्यापुरतीच. त्या टप्प्याबाहेर गाडी पूर्वीपेक्षा मंद वाटते. नळी बदलल्यावर कार्ब्युरेटरही नव्याने जुळवावा लागतो. नाहीतर मिश्रण पातळ होऊन इंजिन तापण्याचा संभव असतो. सायलेन्सरमधले पडदे नुसते काढून टाकले, तर हमखास वाढतो तो केवळ आवाज.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील १२० व्या नियमाने प्रत्येक गाडीला आवाज शमवणारा सायलेन्सर आवश्यक ठरवला आहे. महाराष्ट्रातील शहरांत पोलिसांनी जप्त केलेल्या कर्कश नळ्या रस्त्यावर मांडून त्यांवरून रोलर फिरवल्याची दृश्येही नागरिकांनी पाहिली आहेत. वेब्रिजच्या शेजाऱ्यांचा प्रश्नच येथे पुन्हा उभा आहे. स्वार आपल्या आवाजाच्या पुढे निघून जातो. मागे राहतो तो आवाज, आणि तो ऐकणारा रुग्ण, अभ्यासाला बसलेला विद्यार्थी, नुकतेच निजलेले मूल. काडेनने ध्वनीकडून काम करून घेतले. ज्या नळीतून कामाविना नुसता ध्वनी बाहेर पडतो, तिचे मोल स्वाराने एकदाच दुकानात चुकते केलेले असते. तिची किंमत मात्र रस्त्याकाठची घरे रोज मोजीत राहतात.