न्यायमूर्तीला प्रश्न कोणी विचारावा?

चिखलदऱ्याच्या या थंड हवेत मी एक तापलेला विषय घेऊन उभा आहे. आमचा खटला कामगार न्यायालयात लागला, की गेटवरच्या सभेत कोणी तरी हमखास विचारतो, "भाऊ, जज्ज आपल्याकडचा हाये का मालकाकडचा?" मी सांगत आलो, की तो कोणाकडचाच नसावा. पण हा प्रश्न अडाणी नव्हे. मोठमोठ्या राष्ट्रांनाही तो सुटलेला नाही.

अमेरिकेत तो उघड विचारतात. सर्वोच्च न्यायालयासाठी राष्ट्राध्यक्षांनी निवडलेला माणूस सिनेटच्या समितीपुढे बसतो. १९३९ साली फ्रँकफुर्टर म्हणाले, की वादग्रस्त प्रश्नांवर येथे मत देणे उचित नव्हे. माझे आजवरचे लिखाण पाहा. १९८७ साली बोर्क मोकळेपणाने बोलले आणि ५८ विरुद्ध ४२ मतांनी नाकारले गेले. १९९३ साली गिन्सबर्गबाईंनी पुढे येऊ शकणाऱ्या खटल्यांविषयी इशारा देण्याचेही नाकारले. त्यांना ९६ मते पडली.

आपल्याकडे २४ मे १९४९ रोजी घटना समितीत हा विषय निघाला. कायदेमंडळाच्या संमतीची पद्धत डॉ. आंबेडकरांनी नाकारली, ती अवजड आहे आणि तीत राजकीय दडपण शिरेल, असे त्यांचे म्हणणे. सरकारला मोकळीक नको, सरन्यायाधीशाला नकाराधिकारही नको, म्हणून त्यांनी सल्लामसलतीचा मधला मार्ग धरला.

प्रश्न मात्र मिटला नाही; तो बंद दाराआड गेला. एप्रिल १९७३ मध्ये केशवानंद भारती खटल्याचा निकाल लागला आणि दुसऱ्याच दिवशी शेलत, हेगडे व ग्रोव्हर या सरकारविरुद्ध निकाल देणाऱ्या तिघा ज्येष्ठांना डावलून अजितनाथ राय सरन्यायाधीश नेमले गेले. न्यायमूर्तीची विचारसरणी सरकारने पाहिलीच पाहिजे, असे मंत्री कुमारमंगलम यांनी लोकसभेत समर्थन केले.

पुढे आणीबाणी आली. विनाचौकशी कोंडलेल्यांना दाद मागता येते, असे आपल्या नागपूर खंडपीठासह अनेक उच्च न्यायालयांनी ठरविले होते. २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मताने ते फिरविले. एकटे खन्ना विरुद्ध गेले; जानेवारी १९७७ मध्ये त्यांना डावलून बेग यांना नेमले. बहुमतातल्या चौघांत यशवंतराव चंद्रचूड होते. १९७८ साली त्यांची पाळी आली, तेव्हा मुंबईतील काही वकिलांनी त्या निकालावरून विरोध केला. सरकारने ज्येष्ठता मानली. त्याच वर्षी चंद्रचूड जाहीरपणे म्हणाले, की तेव्हा पद सोडण्याचे धैर्य झाले नाही याची खंत वाटते. उत्तर आले, पण नेमणुकीनंतर! तो निकाल २०१७ साली मोडीत निघाला. मोडणाऱ्यांत त्यांचे चिरंजीव धनंजय होते.

आज निवड ज्येष्ठ न्यायमूर्तींचे मंडळ करते. तेथेही तुम्हीआम्ही दाराबाहेरच. पुढच्या खटल्याचे वचन न्यायमूर्तीकडून कोणीही मागू नये. वचन दिले की तो बांधला गेला. पण मागच्या निकालाचा जाब नेमणुकीआधी, चारचौघांत विचारायला हरकत कसली? गेटवर तो प्रश्न पुन्हा निघाला, तर मी म्हणेन, "बाबा, त्याचे जुने निकाल काढ. आपण बसून वाचू."