उशीच्या मोबदल्यात

बंगळुरूचं जयनगर, फोर्थ ब्लॉक. संध्याकाळची सर नुकतीच कोसळून गेलीय आणि कॉम्प्लेक्ससमोर उभ्याउभ्या तुम्ही फिल्टर कॉफी पिताय. स्टीलचा पेला चटका देतोय. एक घोट घ्या आणि वर्षं मागे जाऊ द्या. मेट्रोचे खांब गेले, 1948 साली आखायला घेतलेले ब्लॉक पुसले गेले, उरली शेतं. साल 1698. शहाजीराजांची ही जहागीर आता म्हैसूरच्या चिक्कदेवराजाकडे आहे. मोगलांनी ती शहाजीराजांच्या मुलाकडून, व्यंकोजींकडून घेतली आणि चिक्कदेवराजाला विकून टाकली. इथं रेंगाळू नका. घाट उतरा, जुने गोवे गाठा.

बॉम जीझसच्या चर्चमध्ये मेणाचा वास आहे आणि लाकडी पेट्यांचा पसारा. फ्लॉरेन्सहून लिस्बनमार्गे आलेल्या पेट्या. प्लासिदो रामपोनी नावाचा इटालियन कारागीर संगमरवराचे तुकडे जुळवतोय. हा थडग्याचा चौथरा जोव्हान्नी फोज्जिनीनं घडवलाय. दहा वर्षं खपून. धाडलाय तुस्कानीचा ग्रँड ड्यूक तिसरा कोझिमो मेदिची यानं. कशाच्या मोबदल्यात? एका उशीच्या! ज्याचं हे थडगं, त्या संत फ्रान्सिस झेवियरच्या मस्तकाखालची उशी ड्यूकला भेट मिळाली होती.

ब्राँझच्या चार पाट्या बसवायच्या आहेत. प्रवचन, बाप्तिस्मा वगैरे राहू द्या, मृत्यूच्या पाटीपाशी या. अजून वर चढलेली नाही, म्हणून डोळ्यांसमोर आहे. बोट फिरवा, धातू गार लागतो. चीनच्या किनाऱ्याजवळचं शांगच्वान बेट, 3 डिसेंबर 1552. चीनमध्ये शिरायची वाट बघत बसलेला 46 वर्षांचा माणूस झोपडीत तापानं गेला. शेवटी उशाशी होता अंतोनियो हा चिनी सोबती. त्यानं मरणाऱ्याच्या हातात पेटती मेणबत्ती दिली. पुरताना पेटीत चुना भरला, मांस झडून हाडं लवकर मोकळी व्हावीत म्हणून. मला विचाराल तर या कथेतली सगळ्यात खरी वस्तू तो चुना. पण ड्यूकच्या पैशानं घडलेल्या बरोक मरणात चुन्याला कुठली जागा!

शेजारी उभा असलेला म्हातारा पाद्री मात्र पंधरा वर्षांपूर्वीची गोष्ट काढतो. 1683 साली संभाजीराजे गोव्याच्या दाराशी आले, तेव्हा पोर्तुगीज व्हाइसरॉय असलेल्या आल्व्होरच्या काउंटनं याच संताची शवपेटी उघडली आणि आपला अधिकारदंड त्याच्या स्वाधीन केला. आता गोवा तूच सांभाळ, असं साकडं घातलं. मराठे परतले. पाद्री म्हणतो, चमत्कार. मोगल शहाजादा शाहआलम फौज घेऊन येत होता, हे तुम्हाला शाळेपासून ठाऊक आहे. तरी जीभ आवरा. गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, अजून चालू आहे.

दोर ताणले जातात, पाटी वर चढते. तिच्याही वर चांदीची पेटी येणार, ती मात्र सहा दशकं आधी इथल्याच कारागिरांनी केलेली.

पेला अजून कोमट आहे. कॉफी संपवा.

आणि खरोखर गोव्याला जाल तेव्हा एक छोटी दुर्बीण जवळ ठेवा. सगळे चांदीच्या पेटीकडे बघून पुढे सरकतात. तुम्ही तिच्याखालची ती झोपडीतल्या मरणाची पाटी आधी शोधा.