बाटलीसाठीं बांधलेलें जहाज

अमेरिकेंतील लॉस एंजेलिस शहरीं सेंट्रल अव्हेन्यू नांवाच्या रस्त्यावर एक जहाज उभें आहे. तें पाण्यांत कधींच उतरलें नाहीं. कारण तें जहाज नसून कोकाकोलाच्या बाटल्या भरण्यासाठीं सजविलेली इमारत आहे. रॉबर्ट डेरा या वास्तुशिल्पकारानें १९३९ च्या सुमारास तिला हें रूप दिलें. मूळच्या साध्यासुध्या इमारती न पाडतां त्यांभोवतीं त्यानें अखंड पांढरी भिंत फिरविली, कोपरे गोल केले, वाटोळ्या खिडक्या व कठडे बसविले आणि वर कप्तानाची माडी चढविली.

पेयाच्या कारखान्यास जहाजाचें सोंग कशाला? उत्तर बाटलीच्या इतिहासांत आहे. १८८६ सालीं अटलांटा येथें हें पेय निघालें, तेव्हां तें दुकानांत पेल्यांतून मिळे. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत तयार होई. १८९९ सालीं चॅटानूगाच्या थॉमस व व्हाइटहेड या दोन वकिलांनीं तें बाटलींत भरून विकण्याचा हक्क अवघ्या एका डॉलरास मिळविला. (मालक कँडलर यांस त्या धंद्यांत कांहीं राम दिसत नसावा!) पुढें गांवोगांव कारखाने निघाले. पण बाटली बंद, आणि पुनः पुनः परत येणारी. काल दुसऱ्याच्या तोंडाला लागलेली बाटली आज आपल्या हातीं! गोळीच्या सोड्याची बाटली तोंडाला लावतांना आपल्याकडेहि हीच शंका मनांत येई. ती फेडल्यावांचून धंदा चालणें नव्हतें.

म्हणून कित्येक कारखान्यांनीं रस्त्याच्या बाजूस मोठमोठ्या कांचा बसविल्या. बाटल्या धुतल्या जातात, भरल्या जातात, बुचें बसतात, हें जाणाऱ्यायेणाऱ्यानें उभें राहून पाहावें. जहाजाचा पांढरा स्वच्छ डौलहि त्याच हेतूचा. तथापि माझ्या मतें कांच अधिक प्रामाणिक. जहाज स्वच्छतेचा भास करून देतें, कांच आंतली स्वच्छता प्रत्यक्ष तपासूं देते.

इंडियानापोलिस येथें रुबुश व हंटर यांनीं १९३१ सालीं बांधलेला कारखाना पांढऱ्या चकचकीत भाजलेल्या मातीच्या नक्षीनें मढविलेला आहे. बाटल्या भरणें थांबल्यावर तेथें शाळांच्या बसगाड्या ठेवीत. एका जुन्या शिक्षकास याचें विशेष कौतुक वाटलें तर क्षमा असावी. २०२० सालीं त्याच वास्तूंत हॉटेल उघडलें. लॉस एंजेलिसच्या जहाजाला मात्र शहरानें १९७५ सालींच ऐतिहासिक स्मारक ठरविलें. त्याच्या कोपऱ्यांत भल्यामोठ्या बाटल्यांच्या प्रतिकृति उभ्या केलेल्या आहेत.