निबंधाचा विषय कुठून येतो?

दहावीच्या मराठीच्या प्रश्नपत्रिकेत निबंधासाठी प्रसंगलेखन, आत्मकथन आणि वैचारिक लेखन असे पर्याय असतात. आत्मकथन आलं की वर्षानुवर्षं नदी बोलते, पडकी शाळा बोलते, फाटकं पुस्तक रडतं. गाईडात उत्तर तयारच असतं, मुलं ते पाठ करतात. दोष मुलांचा नाही. विषयच त्यांच्या अंगणातला नसतो.

मराठीत शाळकरी मुलीनं लिहिलेला सगळ्यात गाजलेला निबंध कुठल्याही गाईडात बसणार नाही. पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत शिकणारी मुक्ता साळवे तेव्हा जेमतेम चौदा वर्षांची होती. मांग-महारांच्या दुःखाविषयी तिनं लिहिलेला निबंध 1855 मध्ये 'ज्ञानोदय'नं छापला. पेशवाईत आपल्या माणसांवर झालेले अन्याय, वेद वाचायची बंदी आणि मग आपला धर्म तरी कोणता, हा थेट सवाल, सगळं तिच्या घरादारातून आलेलं होतं. तीन वर्षांच्या शिक्षणावर एवढं धारदार गद्य उभं राहिलं, कारण लिहिण्याजोगं तिच्यापाशी भरपूर होतं.

पुढे वारं फिरलं. 1857 मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झालं, 1859 पासून मॅट्रिकची परीक्षा सुरू झाली आणि शाळांची नजर हळूहळू परीक्षकाकडे वळली. 1874 मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकरांची 'निबंधमाला' निघाली. तिनं मराठी गद्याला ताकद दिली, पण ते प्रौढांचं, वादविवादाचं लेखन होतं.

मुलांच्या बाजूनं विचार करणारा शिक्षक अमळनेरला भेटतो. साने गुरुजी 1924 ते 1930 या काळात तिथल्या प्रताप हायस्कुलात शिकवत. वसतिगृहातल्या मुलांसाठी ते 'छात्रालय' नावाचं हस्तलिखित दैनिक काढत, पुढे त्यांनी 'विद्यार्थी' मासिकही काढलं. वसतिगृहातलं रोजचं जगणंही लिहिण्याजोगं असतं, हे त्यांनी जाणलं होतं.

बोळिंजच्या मुलांना तर विषय शोधायला दूर जायची गरजच नाही. विरार स्टेशनाहून आगाशीकडे निघालं की वाटेत हे गाव लागतं. इथून जवळच सोपाऱ्यात 1882 मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजींनी बुरूड राजाच्या कोटाचा स्तूप खणला. आत दगडी करंडक, त्यात तांब्याचा, त्यात चांदीचा, मग दगडाचा, स्फटिकाचा आणि सगळ्यात आत सोन्याचा. त्या सोन्याच्या करंडकात बुद्धाच्या भिक्षापात्राचे मानले गेलेले तुकडे आणि सोन्याची फुलं. शेवटचं झाकण उघडताना पंडितजींशेजारी गावातला एक मुलगा उभा होता अशी कल्पना करून प्रसंग लिहा, एवढं सांगितलं तर आठवीचा वर्ग तासभर मान वर करणार नाही.

दुसरा विषय रुळांवर आहे. 12 एप्रिल 1867 रोजी विरारहून मुंबईच्या बॅकबेपर्यंत पहिली गाडी धावली. त्या दिवशी वाडीतला माल घेऊन निघालेली बाई काय विचार करत असेल?

तिसरा आजीपाशी सापडेल. राजेळी केळी पिकवायची, सोलायची, उन्हात वाळवायची आणि त्यांची सुकेळी करायची, हे काम या पट्ट्यानं पिढ्यान् पिढ्या केलं. ही कृती मुलांनी विचारून, पाहून, घरच्या बोलीतले शब्द तसेच ठेवून लिहावी. अशा वहीवर लाल शाईनं प्रमाण मराठीच्या चुका काढायच्या आधी शिक्षकांनी ती वर्गात मोठ्यानं वाचावी.

सोपाऱ्याचे ते करंडक आज मुंबईच्या एशियाटिक सोसायटीत आहेत. विरारहून लोकलनं चर्चगेटला उतरलं की ही संस्था फार लांब नाही. शाळेची एक सहल तिकडे न्यावी आणि परतीच्या गाडीतच मुलांच्या हाती कोरे कागद द्यावेत.