कर्जदाराचा न्याय, सावकाराची वही : न्यायमूर्ती रानडे

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी मारवाडी-गुजराती सावकारांवर उठाव करून कर्जरोखे जाळले. त्यातूनच १८७९ चा दख्खन शेतकरी कर्जनिवारण कायदा जन्मला. रोख्यावरील आकडा अंतिम न मानता मूळ व्यवहार तपासणे, रकमेचे हप्ते बांधणे, कर्जापायी कैद न करणे, ही त्याची सूत्रे. महादेव गोविंद रानडे यांनी १८८१ पासून या कायद्याखालील न्यायालयांच्या देखरेखीचे काम केले. १८८७ मध्ये ते विशेष न्यायाधीश व १८९३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. केवळ कायद्याने भागणार नाही, स्वस्त भांडवलही हवे, म्हणून त्यांनी शेतकी पेढीचा पुरस्कार केला. चोख वही सावकाराचे रक्षण करते आणि ऋणकोचेही, हा त्या इतिहासाचा बोध व्यापारी समाजाने सदैव जपावा.