भारनियमनाने लावलेली सवय

घरासाठी किंवा कार्यालयासाठी बॅटरी बॅकअप घेताना महाराष्ट्रातला ग्राहक पहिला प्रश्न विचारतो तो ‘किती तास चालेल?’ हा. या प्रश्नामागे इतिहास आहे. 2001 साली दाभोळचा वीजप्रकल्प बंद पडला, मागणी मात्र वाढतच राहिली. 2005 साली वीज मंडळाचे विभाजन होऊन महावितरण अस्तित्वात आली, तेव्हा राज्याचा मोठा भाग भारनियमनाच्या वेळापत्रकावर जगत होता. पुढे वीजगळती आणि बिलवसुली पाहून फीडरनिहाय तास ठरू लागले. मुंबईला स्वतःच्या वीजनिर्मितीचे कवच होते. पुण्याने 2006 मध्ये कारखान्यांतील जनित्रांचा आधार घेऊन आणि ग्राहकांवर जादा आकार लावून सुटका करून घेतली. बाकीच्यांनी ऐपतीप्रमाणे इन्व्हर्टर घेतले. ते मुख्यतः दिवे-पंख्यांसाठी होते आणि त्या कामाला तासांचाच हिशेब योग्य होता.

संगणक घरात आला तेव्हा तोही त्याच हिशेबात बसवला गेला, आणि चूक तिथे झाली. पंखा क्षणभर थांबला तर काही बिघडत नाही. संगणकाचा वीजपुरवठा संच मात्र साधारण 10 ते 20 मिलिसेकंदच तग धरतो. त्यानंतर तो बंद पडतो, न जतन केलेले काम जाते आणि कधी हार्ड डिस्कवरील फाइलही बिघडते. म्हणून इथे पुरवठा बॅटरीवर किती लवकर वळवला जातो, हे आधी पाहावे लागते. साधा यूपीएस हे काम काही मिलिसेकंदांत करतो, लाइन इंटरॅक्टिव्ह प्रकार व्होल्टेजचे चढउतारही सांभाळतो, आणि ऑनलाइन यूपीएसमध्ये खंड पडतच नाही. छोट्या यूपीएसमधली 12 व्होल्ट, 7 अँपिअर-अवरची बॅटरी काही मिनिटांचीच सोबत करते, पण काम जतन करून संगणक नीट बंद करायला तेवढी मिनिटे पुरतात.

नव्या इन्व्हर्टरमध्ये यूपीएस मोड असतो, मग वेगळा खर्च कशाला, असे कोणी म्हणेल. साइन वेव्ह इन्व्हर्टर असेल आणि त्या मोडमध्ये तो पुरेसा चपळ ठरत असेल, तर हे म्हणणे मान्य करावे. चौरस तरंगाच्या जुन्या यंत्राबाबत मात्र नाही. भारनियमन आता संपले, हा दुसरा आक्षेप. पण त्याची झळ सहसा न बसलेल्या मुंबईतही 12 ऑक्टोबर 2020 रोजी ग्रिडमधील बिघाडाने वीज गेली, आणि तेव्हा हजारो लोक घरून काम करत होते. लॅपटॉपला स्वतःची बॅटरी असते हे खरे, पण राउटरला ती नसते.

तेव्हा खरेदीपूर्वी जोडायच्या उपकरणांचे वॅट मोजा, यूपीएसवरील व्हीएच्या आकड्यालाच वॅट समजू नका, आणि वीज गेल्याक्षणी काय होते हे आधी विचारा. तासांचा प्रश्न त्यानंतरचा.